तीन मजली आवाज आणि साथीदार

१८ सप्टेंबर १९७८, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण पुढे लोक विचारणार, हे सगळं सुरू कसं झालं? तेव्हा आठवत नाही म्हणून डोकं खाजवत बसणं बरं दिसणार नाही.

मशीन आलं! सिंथेसायझर. जपानी. मेहुणा गुंडा कुवेतहून सुट्टीवर आला, त्याने आणलं. अख्ख्या सोलापुरात दुसरं नाही. पुण्यात असेल. चौकशी केलेली नाही आणि करणारही नाही.

खरं तर मी टेपरेकॉर्डर सांगितला होता. गुंडा म्हणाला, दाजी, त्याच दुकानात हे बी हुतं, आन् ह्याला बटनं लई हुती. माणूस अडाणी, पण नजर आहे.

पेटीपेक्षा लहान. पट्ट्या कमी. वर गोल बटणांची नुसती फौज. चहा झाल्यावर लावलं आणि मधली पट्टी दाबली. वच्छला स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली, मांजर कुटं अडकलंय?

दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी एकच वाजते. बिघडलेलं दिसतंय. गुंडा म्हणाला, न्हाय दाजी, दुकानात बी असंच हुतं.

१९ सप्टेंबर

बिघडलेलं नाही. आज ऑफिसात टॉवेल मोजता मोजता उलगडा झाला. एका वेळी एकच सूर, ही शिस्त आहे. पेटीवर कुणीही पाच बोटं टेकवावीत आणि गोड गोड वाजवावं. इथे एकेका सुराची जबाबदारी घ्यावी लागते. जपान पुढे का गेला ते कळलं.

(टॉवेल पुन्हा मोजावे लागले.)

माहितीपुस्तक जपानी भाषेत आहे. चित्रं स्पष्ट आहेत.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ

बटणांचा अभ्यास. नावं इंग्रजीत आहेत, त्यामुळे अडचण नाही. एकाचं नाव कटऑफ. त्याला हात लावायचा नाही. ऐन गाण्यात सगळंच कट झालं तर? एकाचं नाव अटॅक. वच्छलाचे वडील त्यानेच गेले, म्हणून तिला दिसू नये असं चिकटपट्टीनं झाकलं. एकाचं नाव रिलीज. हे सिनेमाच्या कामाचं असणार. पुढे लागेलच. फुल करून ठेवलं.

तेव्हापासून हात उचलला तरी शेवटचा सूर जात नाही. उंबऱ्यात उभं राहून बोलणाऱ्या पाहुण्यासारखा घुटमळतो. फार सुंदर.

२२ सप्टेंबर

पोस्टर बघितलं आणि डोकं फिरलं.

दिवसा मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात क्लार्क आहे, पण ती वरवरची ओळख. खरा मी सहानंतर सुरू होतो. चांदणी ऑर्केस्ट्रा, सेकंड ऑर्गन. म्हणजे अकॉर्डियनवाला संगप्पा पाणी प्यायला थांबला की मी वाजवतो. संगप्पाला तहान फार कमी लागते.

तर पोस्टर. वर मालकाचं नाव, आबासाहेब. मग गाणाऱ्या बाईंचा फोटो. मग ठळक अक्षरांत, अकॉर्डियन: संगप्पा. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, ‘आणि साथीदार’. त्या साथीदारांत मी. माझ्याबरोबर खुळखुळा वाजवणारा आणि स्पीकर उचलणारा. ऑर्केस्ट्रा निघाल्यापासून मी ‘आणि साथीदार’मध्येच राहतो. तिथे भाडं द्यावं लागत नाही एवढंच.

घरीही तेच. वच्छला रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नाही. अवो म्हणते. आई अजून बाळ्या म्हणते. ऑफिसात क्लार्क म्हणतात. रामहरी हे नाव बारशात ठेवलं ते ठेवलंच, नंतर कुणी काढलंच नाही.

ठरलं. नाव पोस्टरवर येणार.

२३ सप्टेंबर

आबासाहेबांना मशीन दाखवलं. त्यांनी लांबूनच बघितलं, जवळ आले नाहीत. मग म्हणाले, दसऱ्याला संध्याकाळी देवीच्या मांडवात आपला कार्यक्रम हाय. अकलूजकडच्या साखर कारखान्याची मानसं ऐकायला येनार. त्यांना पसंत पडलं तर दिवाळीला बॉयलरच्या पूजेचा कार्यक्रम आपल्याला. तू हे वाजव. पब्लिक जाग्यावरनं उठलं न्हाय पायजे, येवडंच बघ. न्हाय उठलं, तर अकलूजच्या पोस्टरवर तुजं नाव. संगप्पाच्या वर.

संगप्पाच्या वर!

संगप्पा बाजूला बसून शेंगा खात होता. म्हणाला, चांगलं झालं की. मत्सर लपवायची ही पद्धत मला माहीत आहे.

वच्छलाला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता तरी पायपेटी वाजवा कदी. आमच्या घरी मला बघायला आला हुता तवा वाजवली हुती, तशी. बायकांचं जग पायपेटीपाशी थांबलंय.

२४ सप्टेंबर, रविवार

महत्त्वाचा दिवस. शोध लागला.

सिंथेसायझर एकटं वाजवलं तर बारीक वाटतं. तेव्हा आवाज थरांनी बांधायचा. तळमजला आपली जुनी पायपेटी, पायाने भाता मारायची. पहिला मजला ऑर्केस्ट्राचा इलेक्ट्रिक ऑर्गन. गच्चीवर सिंथेसायझर. तिन्ही एकदम! तीन मजली आवाज. याला सोलापुरात कुणी तोड देऊ शकणार नाही.

पेटीवर पाट, पाटावर ऑर्गन, ऑर्गनवर उशी, उशीवर मशीन. मी स्टुलावर. वच्छला म्हणाली, पडचाल.

दुपारी

अडचण. पेट्या तीन, हात दोन.

संध्याकाळी

अडचण सुटली. पायपेटीच्या ‘सा’वर वच्छलाचा बत्ता ठेवला. पट्टी दाबलेली राहते, पाय भाता मारतो, सा अखंड चालतो. दोन्ही हात मोकळे. जपान्यांनाही हे सुचलं नसतं.

आज चटणी झाली नाही. वच्छला म्हणाली, बत्ता गान्यात हाय.

२६ सप्टेंबर

घरी सराव. नवीन गोष्ट लक्षात आली. गल्लीतले माग सुरू झाले की व्होल्टेज उतरतं आणि त्याबरोबर मशीनचा सूरही उतरतो. माग थांबले की सूर वर. हा दोष नाही, यंत्र परिसराशी एकरूप होतंय.

गाणाऱ्या बाईंनी विचारलं, पट्टी कुठली धरू? मी सांगितलं, माग चालू असतील तर काळी एक, थांबले तर काळी दोन. बाई आबासाहेबांकडे बघत राहिल्या.

२८ सप्टेंबर

पहाटे उठून सराव करायचा, हा संकल्प आज पाळला. मारामारीच्या संगीताचा आवाज तयार करत होतो. खालून सुरू होतो, चढत चढत वर जातो आणि वरच थांबतो. अंगावर काटा आला. शेवटचा सूर बराच वेळ गेला नाही.

ऑफिसला निघताना शेजारचा बिरप्पा दारात. मिलमध्ये साचेवाला आहे, माग चालवतो. डबा हातात, तोंड लाल. म्हणाला, मिलचा भोंगा झाला म्हनून पळत सुटलो की हो! गेटवर कुत्रं बी नव्हतं. वॉचमन पोट धरून हसला. पुन्हा असं केलंत तर त्या मशीनला कढत पानी पाजीन.

बिरप्पाला संगीतातलं कळत नाही. पण नुसता आवाज ऐकून माणूस अंथरुणातून उठून, चपला घालून, डबा घेऊन पळत सुटतो. कुठल्या कलावंताला अशी दाद मिळाली आहे?

वच्छला म्हणाली, खरंच भोंगाच वाटला हो. मी तिला समजावलं, तो व्हायोलिनचा ताफा आहे. ती म्हणाली, असंल.

२९ सप्टेंबर

तालीम. थोडी गडबड.

गडबड अशी की प्रत्येक गाण्याला वेगळा आवाज, आणि प्रत्येक आवाजाला सगळी बटणं नव्यानं फिरवायची. मशीनला मागचं काही आठवत नाही. एकदा बटण हललं की गेलं. पहिलं गाणं झाल्यावर मी दुसऱ्याचा आवाज लावायला घेतला. तेवढ्यात आबासाहेबांनी माईकवर एक विनोद सांगितला. मग दुसरा सांगितला. मग पहिलाच पुन्हा सांगितला. खुळखुळावाला विडी ओढून आला. गाणाऱ्या बाईंनी घरी जाऊन दूध तापवून ठेवलं आणि परत आल्या. तेव्हा माझी निम्मी बटणं झाली होती.

संगप्पा म्हणाला, सावकाश करा, घाई कशाला? टोमणा समजला.

आबासाहेब म्हणाले, रामहरी, पब्लिक काय शेळ्या हायत व्हय, दावनीला बांधून ठेवाया?

नाव घेतलं. पहिल्यांदाच.

१ ऑक्टोबर, रविवार

मी सामान्य माणूस नाही याचा आज पुरावा मिळाला.

देवघरासमोर बसलो होतो. समोर पूजेचं ताट. हळद, कुंकू, बुक्का, शेंदूर, अष्टगंध. वेगवेगळे रंग! एकदम डोक्यात उजेड पडला. बटणाच्या भोवती प्रत्येक गाण्याचा एक रंगीत ठिपका द्यायचा. भक्तिगीत आलं, सगळी बटणं हळदीवर फिरव. लावणी, सगळी कुंकवावर. कव्वाली बुक्क्यावर. मारामारी शेंदरावर. प्रेमगीत अष्टगंधावर. वाचायचं काही नाही, आठवायचं काही नाही. नुसतं रंग बघून फिरवायचं.

थेंबभर पाण्यात कालवून काडीनं ठिपके दिले. मशीन देवळासारखं दिसतंय. वच्छला म्हणाली, अवो, देवाचं ताट कुटं नेलं? देव बिनाकुंकवाचे बसल्यात. कलेसाठी देवांनी एवढं सोसायला हरकत नाही.

ही पद्धत जपानला कळवायची आहे. पत्ता शोधणे.

४ ऑक्टोबर

तालीम. रंगपद्धत यशस्वी! आबासाहेबांचा एक विनोद संपायच्या आत आवाज तयार. भक्तिगीतात तीन मजली आवाज असा भरला की खुळखुळावाल्याने हात जोडले. आबासाहेब म्हणाले, बरं वाजतंय की रे. दसऱ्याला असंच ठेव.

असंच ठेवणार. आता मशीनला वाराही लागू देणार नाही. घरी चादरीखाली झाकून ठेवलंय. वच्छलाला ताकीद दिली, झटकायचं नाही, पुसायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. ती म्हणाली, मी कशाला बगतीय. तिला संगीताची आवड नाही हा एकच तोटा.

८ ऑक्टोबर, रविवार

आई मोहोळहून सणाला आली. ती म्हणजे सगळ्या घराची देखरेख. येताच तिने गुंडाला दाढी करायला लावली, वच्छलाला डबे घासायला लावले. मशीनपुढे उभी राहून म्हणाली, बाळ्या, हे काय हाय? मी सांगितलं, आई, हे माझं नाव करणार आहे. ती म्हणाली, मग नजर लागंल रं. परवा खंडेनवमीला ह्याची पूजा कराया पायजे.

मला पटलं. संगप्पाने आजवर किती वेळा मशीनकडे बघितलंय ते मी पाहिलंय.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा झाली. कारखान्यात मागांची, शेजारी बिरप्पाच्या सायकलची आणि घरी माझ्या मशीनची. तिन्ही मजल्यांना झेंडूचे हार.

मी स्वतः जातीने हजर होतो, कारण बायकांवर असली यंत्रं सोडून चालत नाही. आई मशीनवर नारळ फोडणार होती! वेळेवर अडवलं. नारळ अंगणात फोडायला लावला. पाण्याचा एक थेंब मशीनला लागू दिला नाही. मी नसतो तर सगळं संपलं होतं.

त्यानंतर आरशासमोर थोडा सराव करावा लागला. आबासाहेब माईकवर माझं नाव घेतील तेव्हा उठून उभं राहायचं की बसूनच मान तुकवायची? उभं राहिलं तर पाय भात्यावरून निघतो, सा बंद पडतो. बसूनच. डावा हात छातीवर. हसू थोडंच.

तेवढ्यात आईने आतून विचारलं, बाळ्या, ह्याच्यावर किती दिसाचं शिळं हळद-कुकू हाय रं, पुसून ताजं लावू का? शिळ्यावर पूजा चालत न्हाय. मी म्हटलं, लाव लाव, पण नीट लाव, एकही बटण वगळू नको. संगप्पाची नजर कुठल्या बटणावर पडली असेल सांगता येत नाही.

आई मन लावून करते. बराच वेळ लागला. मग तिनेच पुन्हा चादर घातली.

उद्या. नाव. संगप्पाच्या वर.

१२ ऑक्टोबर

काल दसरा झाला.

लिहायला विशेष नाही.

१२ ऑक्टोबर, दुपारी

रजा घेतली. आता शांतपणे लिहितो. झालं त्यात माझी चूक नाही हे लिहिता लिहिता स्पष्ट होईल.

मांडव गच्च. बिरप्पा पहिल्या रांगेत, नवीन टोपी घालून. सगळ्या गल्लीचं सोनं वाटून झालेलं, हातात आपट्याची पानं. अकलूजची माणसं खुर्च्यांवर. वच्छला आणि आई बायकांत. आबासाहेब माईकवर म्हणाले, आज प्रथमच जपानी मशीनवर, रामहरी! टाळ्या पडल्या. मी बसूनच मान तुकवली. डावा हात छातीवर. सगळं ठरल्याप्रमाणे.

चादर काढली.

पहिलं भक्तिगीत. म्हणजे हळदीवर. बघतो तर प्रत्येक बटणाच्या डोक्यावर हळदीचं एक बोट. बरं, हळद राहू दे, कुंकू शोधू. प्रत्येक बटणाच्या डोक्यावर कुंकवाचंही एक बोट. भोवतीचे ठिपके ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेले. बुक्का नाही, शेंदूर नाही, अष्टगंध नाही. आईने कुठल्याच बटणावर अन्याय केलेला नव्हता. पुसताना सगळी बटणं गरागरा फिरलेली, ते वेगळंच. आणि एका बटणाला झेंडूची पाकळी चिकटलेली.

आबासाहेब म्हणाले, चालू कर. मी अंदाजाने बटणं फिरवली आणि पट्टी दाबली.

भोंगा झाला.

हुबेहूब. खालून सुरू झाला, चढत चढत वर गेला आणि वरच थांबला. सणाचा दिवस, सुट्टी, रात्रीच्या जेवणाला पुरणपोळी, पण सवय ती सवय. बिरप्पा पहिला उठला. त्याच्यामागे अख्खी रांग. मग मागची. कुणी चपला शोधतंय, कुणी सायकलकडे धावतंय, कुणी बायकोला विचारतंय डबा कुठाय. बायका पोरं गोळा करायला लागल्या. मी हात उचलला, तरी भोंगा थांबेना. बटण फिरवलं तर आणखी वर गेला. अकलूजची माणसं म्हणाली, आग लागली का काय?

शेवटी मी वायर उपटली. ती माईकची आणि मांडवाच्या दिव्यांचीही निघाली.

अंधार. अंधारात बिरप्पाचा आवाज, आरं, सुट्टी हाय की आज! आणि मग कुणीतरी म्हणालं, उठलोच हाय तर घरला जाऊन जेवू.

त्याच वेळी संगप्पाने अकॉर्डियन सुरू केलं. त्याला वीज लागत नाही. निघालेले लोक थांबले. आपापल्या जागी बसले. अंधारातच त्याने तीन गाणी वाजवली आणि पब्लिक टाळ्या देत राहिलं. अंधारात कुणीही बरं वाजवतो.

आईला रडू आलं. म्हणाली, माज्यामुळं झालं का रं? मी म्हटलं, नाही आई, व्होल्टेज. खरं म्हणजे पुस म्हणून मीच सांगितलं होतं, पण त्यावेळी मी फार कामात होतो.

१४ ऑक्टोबर

आबासाहेब ऑर्गन न्यायला आले. अकलूजचा कार्यक्रम मिळाला. अकॉर्डियन त्यांना फार आवडलं. पोस्टर छापायला गेलंय. मी विचारलं, मी? ते म्हणाले, जीपमधी जागा कमी हाय, रामहरी. आन् तुला बोललो हुतो, पब्लिक उठलं न्हाय पायजे.

म्हणजे साथीदारांतूनही गेलो. आता फक्त ‘आणि’मध्ये असेन.

संगप्पा ऑर्गन उचलायला आला होता. जाताना म्हणाला, बत्ता ठेवायची युक्ती लई भारी हाय तुमची. यात टोमणा शोधला. सापडला नाही. त्याचाच जास्त राग आला.

वाईट वाटतंय. फार वाटतंय. एकदाच लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही.

बत्ता वच्छलाला परत. चटणी झाली. चांगली झाली होती.

१७ ऑक्टोबर

टॉवेल कारखान्याच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, टॉवेलांच्या हिशेबाचं असणार. तसं नव्हतं. कारखान्याचा भोंगा जळालाय, त्याची मोटार मुंबईला दुरुस्तीला गेलीय, कामगार वाटेल तेव्हा येतात. मालक म्हणाले, दसऱ्याला मी मांडवात होतो. मी खाली बघितलं. ते म्हणाले, तुझं ते मशीन उद्या घेऊन ये.

१८ ऑक्टोबर

आज सोलो कार्यक्रम. सायकलच्या कॅरिअरला मशीन बांधून नेलं. गेटवर टेबल, वर कर्णा. सकाळी सातला पट्टी दाबली. पब्लिक उठून गेलं नाही. उलट सायकली मारत धावत आलं! एवढ्या लांबून! मला ऐकायला! काही जण घामाघूम.

नवी पद्धत: आता एकच आवाज, त्यामुळे एकाच रंगाचा ठिपका. तोही ऑइल पेंटने.

१९ ऑक्टोबर

तीन कार्यक्रम. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिन्ही हाऊसफुल. संगप्पाचे दिवाळीपर्यंत सगळे मिळून एवढे होणार नाहीत.

२३ ऑक्टोबर

मालकांना म्हटलं, कलावंताचं नाव लोकांना कळलं पाहिजे. ते हसले, वॉचमनला काहीतरी म्हणाले. दुपारी जेवायला गेलो तर गेटच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं, ‘सर्व कामगारांना कळविण्यात येते की भोंगा: रामहरी’.

माझं एकट्याचं नाव. खाली ‘आणि साथीदार’ नाही. वच्छलाला ऐन जेवणाच्या सुट्टीत फळा दाखवायला घेऊन आलो. ती बराच वेळ वाचत उभी राहिली. म्हणाली, अक्षर चांगलं हाय.

२७ ऑक्टोबर

मोटार मुंबईहून आली. बसवली. सातला वाजली. आवाज घोगरा, भावना शून्य. तरी सगळे आले.

एक जण गेटवर मला म्हणाला, तुमचाच बरा हुता, त्यात जरा सूर हुता. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

वॉचमनने माझ्यासमोर ओल्या फडक्याने फळा पुसला. आमच्या नशिबी ओलं फडकं फार. मग त्यावर लिहिलं, दिवाळीची सुट्टी तीन दिवस.

२८ ऑक्टोबर

गुंडा उद्या कुवेतला निघतोय. मशीन त्याच्याबरोबर परत. दुकानदाराने बदलून दिलं तर टेपरेकॉर्डर. ऑइल पेंटचा ठिपका घासला, निघत नाही. गुंडा म्हणाला, सांगीन त्यास्नी, जपानमधनंच असा आला म्हनून.

आई मोहोळला गेली. जाताना पुन्हा डोळे पुसत होती. तिला सांगितलं, आई, तुझ्या पूजेमुळेच मला तीन शिफ्टचा कार्यक्रम मिळाला. खरंच आहे ते.

संध्याकाळी रिकामं वाटत होतं. घरात काही मजले राहिले नाहीत, फक्त पायपेटी. वच्छला दिवाळीच्या चकल्या करत होती. म्हणाली, वाजवा की आता. बत्ता मी धुऊन ठेवलाय, लागला तर घ्या.

नाही लागला. दोन्ही हातांनी वाजवली. तिच्या गावी तिला बघायला गेलो होतो तेव्हाचंच गाणं. मधली एक पट्टी बत्त्याच्या वजनाने थोडी दबकी झालीय, तेवढं सोडलं तर बरं झालं. बरंच बरं झालं. वच्छलाने चकलीचा सोऱ्या खाली ठेवला आणि हात तसेच पिठाचे ठेवून ऐकत बसली. गल्लीतले माग चालू होते, तरी सूर उतरला नाही.

बिरप्पा भिंतीपलीकडून ओरडला, कोन वाजवतंय हो? लई ग्वाड हाय!

मी भाता मारायचा थांबलो. वच्छला म्हणाली, हेच की. आनि कोन?

नाव घेतलं नाही. रीत आहे. पण ‘आणि साथीदार’ म्हणाली नाही.